जोडीदाराची बॅग

पिकअपच्या आरशात विष्णूला स्पष्ट दिसलं. मागे सामानात बसलेल्या रामेश्वरने इकडेतिकडे पाहिलं, विष्णूच्या बॅगेची चेन ओढली आणि आत हात घातला.

बॅगांची तपासणी तर मघाशीच झाली होती. डोंगरपथकाचा नियमच होता: स्वतःची बॅग स्वतः तपासायची नाही, ती जोडीदाराने तपासायची. आपली चूक आपल्याला दिसत नाही, असं पथकप्रमुख अयानभाईंचं म्हणणं. एकदा तपासून, काट्यावर वजन करून बॅग बंद झाली की ती आगीपाशीच उघडायची. मग हा आता काय शोधत होता?

विष्णूने मान वळवली नाही. रस अल खैमाहच्या डोंगरात खजुराची एक बाग पेटली होती आणि समोरच्या काचेतून तिचा धूर दिसत होता. जिथे गाडी पोचत नाही तिथली आग विझवायला हे पथक पाठीवर बोजा घेऊन चढायचं. निवडीला आलेले भले भले गडी पहिल्याच चढणीला बसले होते. विष्णू टिकला. दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पातून तो पथकात जायला निघाला, तेव्हा खोलीतल्या पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं.

पण उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचा डावा गुडघा दुखावला. त्याने कुणाला कळू दिलं नाही. अशा माणसाला अयानभाई डोंगरावर नेत नसत, सरळ घरी पाठवत. सुरुवातीचे दिवस त्याने दातओठ खाऊन काढले. मग कसं कोण जाणे, चढताना दुखायचं कमी झालं. "गुडघा बरा झाला बघ आपोआप," असं त्याने परवाच बायकोला, कुंदाला, फोनवर सांगितलं होतं.

गुडघ्याचा त्रास संपला आणि रामेश्वरचा सुरू झाला. पथकात मराठी हे दोघंच, म्हणून त्यांची जोडी लावलेली. पूर्वी अख्खी चढण बीडच्या गप्पा हाणणारा हा माणूस हल्ली तोंड उघडत नव्हता. चढताना कायम मागे राहायचा, आणि वळून पाहावं तर याची नजर विष्णूच्या पायांवर. बॅगा गाडीत चढवायला हाच पुढे, आगीपाशी दोघांचं सामान बाहेर काढायलाही हाच पुढे. "तू बस रे आरामात," म्हणायचा. एवढी माया कशासाठी? याचा मेहुणा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात होता आणि त्याला पथकात यायचं होतं. जागा मात्र रिकामी नव्हती. विष्णूने मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं.

गाडी सोडून ते चढू लागले. अर्ध्या वाटेवर एका कड्याच्या सावलीत पथक दम खायला थांबलं. रामेश्वर घामाने निथळत होता. पापी मनाला घाम फुटणारच, विष्णूला वाटलं. त्याने नियम मोडला आणि स्वतःची बॅग उघडली.

पाण्याच्या बाटल्या नव्हत्या. कुऱ्हाड नव्हती. करवतीच्या तेलाचा कॅन नव्हता.

वर आगीच्या तोंडाशी पाण्याविना चक्कर येऊन पडलो असतो, आणि शिवाय सगळे म्हणाले असते की विष्णू अर्धवट सामान घेऊन आला. असा काटा काढायचा होता तर.

"अयानभाई, इसकी बॅग खोलो," तो म्हणाला. "मेरा पानी चुराया है इसने."

अयानभाईंनी रामेश्वरची बॅग खडकावर ओतली. त्याच्या सामानाखाली विष्णूच्या बाटल्या होत्या. कुऱ्हाड होती. कॅन होता. सगळ्यावर विष्णूच्या नावाची पिवळी पट्टी. बाटल्यांची झाकणं अजून उघडलेलीही नव्हती.

डोंगरात जोडीदाराच्या पाण्याला हात लावणं म्हणजे त्याच्या जिवाला हात लावणं. अयानभाईंनी हळू आवाजात विचारलं, "क्यूँ किया?"

रामेश्वरने क्षणभर विष्णूकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "गलती हो गई, भाई."

"खलास. गाडी के पास जाके बैठो. घर का टिकट मैं निकालता हूँ."

रामेश्वर आपलं सामान भरून उतरू लागला. विष्णूला सुटल्यासारखं वाटलं. त्याने आपल्या वस्तू आपल्या बॅगेत कोंबल्या, पट्टे आवळले आणि पाऊल टाकलं.

डावा गुडघा मुडपला. त्याने खडकाला धरलं. पाय वाकडा पडला असेल, असं म्हणून दुसरं पाऊल टाकलं. कळ थेट कमरेपर्यंत गेली. तीच जुनी कळ, जराही कमी न झालेली.

तो जागीच उभा राहिला. गुडघा बरा झालाच नव्हता. बॅग हलकी झाली होती.

त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना. पथक पुढे निघालं होतं आणि त्याच्या पायाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. गप्प राहून, दात आवळून, अजून थोडे दिवस निभावलं असतं. खाली उतरणारा माणूस तर बोलणार नव्हताच.

"अयानभाई, रुको," विष्णू म्हणाला. "चोरी नहीं हुई. मेरा घुटना खराब है, मैंने छुपाया. मेरा बोझ ये उठा रहा था."

खाली उतरणारा रामेश्वर थांबला. त्याने वळून कपाळावर हात मारून घेतला.

"अरे येड्या, हेच सांगून टाकायचं होतं, तर मी इतके दिवस तुझं ओझं वाहिलं कशाला?"