नसलेलं विमान

वैमानिकाविना उडणारी दोन प्रवासी विमानं एकाच उंचीवर समोरासमोर येत होती. मनोऱ्याच्या काचेतून मृणाल केळुसकरला ती स्पष्ट दिसत होती. आकाश सांभाळणाऱ्या यंत्राला मात्र त्यांच्यात भरपूर अंतर वाटत होतं. तिचा प्रत्येक हुकूम ते नाकारत होतं.

"फारूकभाई, हे माझं ऐकतच नाही," ती रडकुंडीला आली.

"मग त्याला खोटं सांग," शेजारी बसलेले वरिष्ठ म्हणाले.

तिने त्या दोन विमानांच्या मध्ये नसलेलंच एक विमान नोंदवलं. यंत्राने घाईघाईने एकाला वर चढवलं. दोन्ही विमानं सुखरूप निघून गेली.

तेवढ्यात खोट्या नोंदीबद्दल यंत्राने दोघांचेही अधिकार काढून घेतले. काचेपलीकडे आणखी दोन विमानं एकमेकांच्या वाटेत येत होती. मृणाल विझलेल्या पडद्याची बटणं दाबतच राहिली.