पाळण्याची फळी

"आता ठोकू नका," भागीरथीबाई म्हणाल्या.

विठ्ठलरावांची हातोडी वरच थांबली. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या गल्लीतल्या त्यांच्या छोट्या कारखान्यात, पुढ्यात पाळण्याची शिसवी फळी होती. फळीवर पोपट कोरला होता. पंखांत पितळेची तार चपखल बसली होती. शेपटीची खाच अजून रिकामी होती.

सून काव्या पहाटेपासून दवाखान्यात होती. दिवस भरले नव्हते. मागच्या खेपेचं बाळ घरी आलंच नव्हतं.

"पाळणा आधी करू नये म्हटलं होतं मी. ऐकलं नाहीत."

"पाळणा कुठाय? नुसती फळी आहे."

"फळी म्हणे!"

विठ्ठलरावांनी तार उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. रिकामे हात त्यांना सोसेनात. शेवटी तारेचं टोक खाचेत धरून त्यांनी हळूच एक टोला दिला. तो तिरका बसला. खाचेच्या कडेची ढलपी उडून जमिनीवर पडली.

भागीरथीबाईंनी तोंडाला पदर लावला. बाहेर रिक्षावाले कन्नडमधून भांडत होते.

फोन वाजला. विठ्ठलरावांना तो उचलवेना. भागीरथीबाईंनी उचलला आणि स्पीकर लावला.

"अण्णा, मुलगी झाली." मुलाचा, संतोषकुमारचा आवाज बसला होता.

"काव्या?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"बरी आहे. बाळ स्वल्प लहान आहे. काचेच्या पेटीत ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, आज-उद्या काही सांगता येणार नाही."

"रडली का रे?" भागीरथीबाईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"रडली, आई. आणि पाय झाडतेय सारखी. दुपटं अंगावर ठरत नाही. नर्स वैतागलीय."

"सरी, बरं. तू तिथंच थांब. आम्ही येतो."

असं म्हणून विठ्ठलराव उठले. चपला शोधू लागले. भागीरथीबाई मात्र खाली वाकून जमीन चाचपत होत्या. शिसवी ढलपी सापडली तशी ती त्यांनी पदरानं पुसली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"ही चिकटवा आधी. मग निघू."

त्यांनी सरस लावून ढलपी जागेवर दाबली. फळी सरकू लागली. भागीरथीबाई समोर येऊन बसल्या आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली.

"आल्यावर तार पक्की बसवा," त्या म्हणाल्या. "पोरगी लाथा मारणारी आहे."