गोळा आणि घोंगडी

क्वीन्सलँडच्या काळ्या चिखलात वॉरिकचा गुरांचा रिकामा ट्रक आसापर्यंत रुतला होता. त्याने वायरलेसवर बोलावलं तशी त्याची बायको जॅनेल पिकअप घेऊन आली. शेजारच्या सीटवर त्यांची वर्षभराची लेक टिली होती, कोपरापर्यंत प्लास्टर घातलेली. दवाखान्यात जॅनेलने “पडली” असंच सांगितलं होतं.

ट्रकच्या केबिनमधून वॉरिक ओरडला, “अगं ए बावळट, दोर ट्रेलरच्या गोळ्याला अडकव! आणि पुन्हा प्रवचन नको.”

ते प्रवचन त्याला पाठ होतं. पिकअपच्या मागचा लोखंडी गोळा ट्रेलर ओढायला असतो, रुतलेल्या गाडीला हिसका द्यायला नाही. तो तुटला, तर रबरासारखा ताणलेला दोर त्याला गोफणीतल्या दगडासारखा थेट ट्रकच्या काचेवर फेकतो. वॉरिकच्या शिव्या खात ती दर वेळी दोर खालच्या हुकालाच अडकवायची. दोरावर घोंगडीही टाकायची, म्हणजे दोर सुटला तरी जागीच पडेल.

आज तिने दोर गोळ्याला अडकवला.

“काय गं, आज दातखीळ बसली वाटतं!” वॉरिक हसला.

“तू म्हणशील तसं.”

गाडीत बसून तिने घोंगडी टिलीच्या कानांवरून नीट ओढून घेतली आणि पिकअप भरधाव सोडली.