आडोसा

महिपतीआबा पस्तीस वर्षं वायरमन होते. उन्हात तापलेल्या खांबावर चढतानाही त्यांचा पाय कधी लटपटला नाही. रिटायर होऊन महिना झाला नसेल; सकाळी दूध घेऊन परतत होते, तर सात रस्ता चौकामागच्या त्यांच्याच गल्लीत, खांबावर त्यांची लेक अपेक्षा तारा जोडत होती. गेल्याच वर्षी ती या नोकरीला लागली होती.

आबा जागीच थिजले.

"सप्लाय बंद केलास का गं?" त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.

"केलाय की, आबा! किती वेळा विचारताय?"

कुठल्यातरी दुकानातला जनरेटर बंद तारेतही उलटा करंट सोडू शकतो, कमरेचा पट्टा सुटू शकतो. काय काय होऊ शकतं, ते सगळं त्यांना पाठ होतं. तिचा पाय जरासा सरकला आणि दुधाची पिशवी त्यांच्या हातातून गळून पडली.

मागून कुणीतरी दंड धरला. दुधाची वाट बघून गोजरबाई घरातून बाहेर आली होती.

"असं उघड्यावर उभं राहू न्हाय. वरच्या माणसाचं ध्यान उडतं," ती हळूच म्हणाली आणि नवऱ्याला समोरच्या बंद टपरीमागं घेऊन गेली.

 

"हितनं बगा. तुमी ह्या खांबावर असला, की मी हितनंच बगायची."