पाय टेकला की नापास

स्कूटर चढाच्या मध्यावर डगमगली आणि तिचा डावा पाय खाली टेकलाच.

"नापास," परीक्षक म्हणाले आणि पाठ फिरवून ऑफिसकडे चालू लागले.

लायसन्सच्या परीक्षेत डांबरी रस्त्यावर ती कधीच चुकली नव्हती. घोडं पेंड खायचं ते मैदानामागच्या कच्च्या चढावर. सुटी खडी, मधे पाण्यानं पाडलेली घळ आणि वर एक पांढरा दगड. पाय न टेकता त्या दगडाला वळसा घालून खाली यायचं, एवढंच.

एवढ्यावरच तिचं काम अडलं होतं. ती दवाखान्यातली सुईण. डोंगरावरच्या वस्त्यांसाठी दवाखान्यानं जाड टायरांची छोटी स्कूटर घेतली होती, आणि जिच्याकडे लायसन्स तिलाच वस्त्या मिळणार होत्या. नाहीतर तिची रवानगी नोंदणीच्या खिडकीत. बाळं झेलणाऱ्या हातांनी जन्मभर शिक्के मारायचे, या विचारानंच तिचे डोळे भरून यायचे.

परीक्षकांचा दरारा मोठा होता. पाठीमागे सगळे त्यांना नापाससाहेब म्हणत. तब्येतीसाठी म्हणून ते पायीच येत-जात, पण ऑफिसच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची तशीच स्कूटर उभी असायची, लालभडक. रविवारी साहेब ती घेऊन थेट डोंगरमाथा गाठतात, अशी वदंता होती. टायरांवर नव्या रबराचे बारीक केससुद्धा अजून शाबूत होते. डोंगर चढून गाडी इतकी निगुतीनं ठेवणारा माणूस दुसऱ्याची चूक कशी पोटात घालेल, असं तिला वाटायचं.

एकदा तिनं धीर करून म्हटलं होतं, साहेब, एकदा तुम्हीच चढून दाखवा ना.

"मी दाखवलं तर परीक्षा कुणाची?" ते म्हणाले होते, आणि ती खजील झाली होती.

दर वेळी ते एकच सल्ला देत, शब्दही तेच. नजर चाकाकडे नको, जिथे जायचंय तिथे ठेवा.

त्या संध्याकाळी ती तोंड पाडून घरी आली. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"पाय टेकलास ना? हात तर नाही टेकलेस?" त्या म्हणाल्या. "मग झालं तर."

दुसऱ्या दिवसापासून सासू-सून बंद पडलेल्या खाणीत जाऊ लागल्या. सासूबाई वरच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि टॉवेल हलवायच्या. सूनबाईची नजर खाली गेली रे गेली की वरून आवाज यायचा, माझ्याकडे बघ, मी काय दिसायला इतकी वाईट आहे का? हसता हसता ती पडायची. मग पडायची थांबली. हसायची मात्र थांबली नाही.

परीक्षेच्या दिवशी घळीपाशी चाक घसरलं. पाय शिवशिवला. तिनं पांढऱ्या दगडाकडे पाहिलं, तिथे टॉवेल हलवणाऱ्या सासूबाई मनात आणल्या आणि हात सैल सोडून गाडीला तिच्या कलानं जाऊ दिलं. खडी करकरली. दगड आला, मागे पडला, आणि ती खाली आली तेव्हा दोन्ही पाय स्कूटरवरच होते. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला आभाळ ठेंगणं झालं.

"पास," परीक्षक म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून अनेकांनी पहिल्यांदाच ऐकला.

वस्त्या तिच्या झाल्या होत्या. सासूबाईंना कधी सांगते असं तिला झालं होतं.

पण साहेबांनी तिला थांबायला सांगितलं. आधी त्यांनी लोक पांगू दिले. मग ते तिला शेडकडे घेऊन गेले. कुठेतरी पाय टेकलेला दिसला की काय यांना?

साहेब लाल स्कूटरपाशी थांबले. त्यांनी मागे-पुढे पाहिलं, खिशातून चावी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"बाई, कुणाला बोलू नका," ते हळूच म्हणाले. "ही सुरू कशी करतात?"