मातीवाचून

“आधी बोटं ओली करा, आई,” सून म्हणाली. “कोरड्या बोटांना मुळं चिकटतात.”

सासूने बोटं पाण्यात बुडवली आणि स्पंजाचा तुकडा अलगद उचलला. वर पुदिन्याची काडी, खाली मुळांची झिरमिळी. दुधासारखी पांढरी, केसाहून बारीक. तिने ती उजेडात धरून निरखली. जन्मभर मातीत हात घालून झाडं लावली, पण मूळ असं जिवंत, थरथरताना कधी पाहिलं नव्हतं.

“अगं, ही तर नुसती खुडलेली काडी होती,” ती हळूच म्हणाली. “हिला कोणी सांगितलं, आता मुळं फोड म्हणून?”

“ते मलाही कळलेलं नाही. आता जाळीच्या कपात बसवा. दाबू नका. मुळं खालून बाहेर येऊ द्या.”

गॅलरीत, उचलून नेता येईल अशा छोट्या मांडणीवर, पांढरे पाइप आडवे लावले होते. त्यांतून खत घातलेलं पाणी झुळझुळत होतं. सासूने कप भोकात ठेवला. मुळांची टोकं पाण्याला लागली आणि प्रवाहाबरोबर लांब पसरली.

“बाई गं! पोहायलाच लागली की!”

सून हसली. “पाणी रोज बघायचं हं. उद्यापासून मी नसेन शेजारी आठवण करून द्यायला.”

सासरे लवकर गेले, मागोमाग मुलगाही. घरात दोघीच उरल्या. भांडल्या, रुसल्या, एकमेकींना धरून राहिल्या.

“तुझ्या आईला अजून पटलेलं नाही,” सासू म्हणाली.

“पटेल हळूहळू. माणूस चांगला आहे ना?”

“चांगला आहे. चहा स्वतः करतो. वर कपही विसळून ठेवतो.”

“मग झालं तर! लोक चार दिवस बोलतील, पाचव्या दिवशी दुसऱ्या कुणाचं लग्न शोधतील.”

सासूने कोपऱ्यातल्या कुंडीकडे पाहिलं. काड्या तिथूनच खुडल्या होत्या.

“इतकं तोडलं, तर मागचं झाड खंगत नाही?”

“छे! उलट दाट होतं. बघा की.”

सासू वाकून बघत राहिली. प्रत्येक तुटल्या जागी दोन-दोन कोंब आले होते. तिचे डोळे भरून आले.

बेल वाजली. सुनेने दार उघडलं. बाहेर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ नव्याकोऱ्या शर्टात घामाघूम उभे होते.

“या काका,” ती म्हणाली आणि आत वळून ओरडली, “आई, हात धुवा लवकर! तुमचे नवरदेव आलेत!”