गादीवरचं काम

माणूस म्हातारा झाला, काम होईना, इथवर कुणी बोलणार नाही. पण बायको खाली राबत असताना तिच्या डोक्यावर बसून शीळ घालायची, हे कुठलं वागणं? काकू गवत कापायच्या गाडीशेजारी ओणव्या, कोपरापर्यंत काळ्या. आणि काका वर गादीवर, पाय हलवत, राजासारखे.

बावीस वर्षं हेच चाललं होतं. मोसम सुरू झाला की इंजिनाचं तेल बदलायचं काकूंनी, प्लग घासायचा काकूंनी, हवेची जाळी झटकायची काकूंनी. काकांनी फक्त किल्ली फिरवायची. तीसुद्धा काकू ओरडल्या की.

आज वेळ थोडा होता. दहाला मैदानावर सामना आणि गवत घोट्याच्या वर. मैदानाचे साहेब कालच बजावून गेले होते. या वेळी गवत राहिलं, तर काम दुसऱ्याला. मैदानाकडेच्या राहत्या दोन खोल्याही त्यालाच.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं होतं. गरम तेल पातळ होऊन गाळासकट डब्यात उतरत होतं. वरून शीळ आली. काकूंचं डोकं फिरलं.

"उठा तिथून! भुईला भार नुसता. आज गाडी सूनबाई चालवेल."

"अगं, पण मी उठलो की..."

"एक शब्द काढाल तर हा डबा डोक्यावर ओतीन."

काका उठले. भिंतीला टेकून उभे राहिले. शीळही बंद झाली.

काकूंनी नवं तेल भरलं. तेलाची पट्टी फडक्यानं पुसली, बुडवली, पाहिली. तेल बरोबर खुणेवर. प्लग घासून बसवला. मग ताठ मानेनं, उभ्या उभ्याच, किल्ली फिरवली.

गाडी हूं नाही की चूं नाही.

प्लग पुन्हा काढला, पुन्हा बसवला. बॅटरीच्या तारा घासल्या. जाळी उन्हात धरून पाहिली. किल्ली फिरवली. काही नाही. काकूंनी गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तरी नाही.

सूनबाई पदराशी चाळा करत उभी होती. "आई, मी वर बसून बघू का?"

"आधी चालू होऊ दे, मग बस. आपल्या घरात आधी काम, मग बसणं."

सूनबाई निमूट मागे सरली. काका भिंतीशी उगाच खोकले. काकूंनी डब्याकडे हात नेला. खोकला थांबला.

सव्वानऊला फाटकाशी साहेबांची मोटार थांबली. काकूंचे हात पहिल्यांदाच थांबले. दोन खोल्या, खिडकीतली तुळस, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात काकांचे गुडघे बोलायला लागले. ते सावकाश आले आणि गादीवर टेकले.

"बसा! तुम्ही बसाच!" काकूंचा आवाज फाटला. "मेलीय ती. बघा, डोळ्यांनी बघा!" आणि मेलेली दाखवायला त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी भर्रकन सुरू झाली.

काकांनी बूड वीतभर उचललं. इंजिन गचके खाऊ लागलं. काकांनी बूड टेकवलं. इंजिन पुन्हा सुरात.

"गादीखाली बटण आहे," काका म्हणाले. "वर माणूस नसला, तर इंजिन चालत नाही."

"ठाऊक होतं तुम्हाला?"

"तेच सांगत होतो. पण तू डबा ओतणार होतीस."

सूनबाईनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. साहेब फाटकातून आत येत होते. काकूंनी फडक्यानं हात पुसले, मान ताठ केली आणि गादीकडे बोट रोखलं.

"बावीस वर्षांत एकच काम केलंत, तेही ढुंगणानं. आता गवत संपेपर्यंत उठलात, तर खबरदार!"